एक उंदीर, अनेक उंदीर

इंग्रजांचे राज्य 1947 साली गेले, पण त्यांचे अनेकवचन मात्र इथेच मुक्कामाला राहिले. राज्य घालवायला निदान चळवळ तरी करता आली. अनेकवचनाविरुद्ध कुणी साधा मोर्चादेखील काढला नाही. वास्तविक काढायला हरकत नव्हती. आपल्या घरात एक शिरला तरी उंदीर आणि दहा शिरले तरी उंदीरच. उपद्रव वाढतो, शब्द वाढत नाही. इंग्रजांकडे एकटा असतो तो माउस. दुसरा आला, की दोघे मिळून माइस. बरे, म्हणून हाउसचे हाइस करावे, तर तेही चालत नाही. तिथे हाउसेस!

आमच्या भाच्याने सहामाहीच्या पेपरात ‘चाइल्ड’चे अनेकवचन ‘चाइल्ड्स’ असे लिहिले. बाईंनी त्यावर तांबडी फुली तर मारलीच, शिवाय बरोबर उत्तर पन्नास वेळा लिहून आणायला सांगितले. एवढी मुले धृतराष्ट्रालाच झेपायची! तिसाव्या चिल्ड्रनला पोरगा रडकुंडीला आला आणि म्हणाला, ‘‘मामा, हे असलं कुणी ठरवलं हो?’’

प्रश्न रास्त होता. त्याचे खरे उत्तर असे, की कुणीच ठरवले नाही.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत अनेकवचनाला एकच एक वाट नव्हती. दगडाला ‘स्तान’ म्हणत, पुष्कळ दगड झाले की ‘स्तानस’. नावाला ‘नामा’ म्हणत (आपल्या नामाचा हा दूरचा चुलतभाऊ), त्याचे होई ‘नामान’. मेंढरे आपल्या उंदरांसारखी. कितीही झाली तरी शब्द तोच. आणखी काही शब्दांना फार पूर्वी शेवटी ‘इ’ लागत असे. पुढे ‘इ’ येणार हे जिभेला आधीच ठाऊक, म्हणून अलीकडचा स्वर आपला त्याच्याकडे झुकायचा. कालांतराने ‘इ’ गळून पडला, झुकलेला स्वर तसाच राहिला. साहेब बदलून गेला तरी कमरेत वाकलेला शिपाई सरळ होत नाही, त्यातलाच प्रकार. फूटचे फीट, गूजचे गीज आणि माउसचे माइस झाले ते असे. अशा वाकलेल्या शब्दांपैकी आज जेमतेम सात उरले आहेत. बुकाचे अनेकवचनही त्या काळी ‘बेच’ असे होई. ते टिकते, तर आपल्या रद्दीवाल्यांची केवढी सोय झाली असती!

मग 1066 साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडावर चालून आला आणि राज्य फ्रेंच बोलणाऱ्यांचे झाले. दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन, आणि इंग्रजी गेली शेतात नि स्वयंपाकघरात. तिच्यावर छडी घेऊन बसणारा मास्तर उरला नाही. शब्दांची शेपटे झिजली आणि त्यातल्या त्यात ठसठशीत असा ‘स’ उत्तरेकडून खाली पसरत गेला. दक्षिणेकडच्या लोकांनी मात्र आपला ‘एन’ बरीच वर्षे सोडला नाही.

यातून उपासमारीची पाळी कशी येई, ते विल्यम कॅक्स्टनने लिहून ठेवले आहे. याच गृहस्थाने 1476 साली इंग्लंडात पहिला छापखाना घातला. 1490 साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो : काही व्यापारी जहाजातून झीलंडला निघाले होते. वारा पडला म्हणून ते थेम्सच्या तोंडाशी किनाऱ्यावर उतरले. एकाने एका घरी जाऊन अंडी मागितली, ‘एग्ज’. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी खवळला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! अखेर दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितले, तेव्हा कुठे बाईला उलगडा झाला. दोघेही इंग्रज, दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि अंडी मधल्यामध्ये अडकलेली.

आता चिल्ड्रनची कुळकथा ऐका. मुळात ‘चिल्डर’ एवढेच अनेकवचन होते. पुढे लोकांना ते पुरेसे अनेक वाटेना, म्हणून त्यांनी त्याला आणखी एक ‘एन’ चिकटवला. म्हणजे चिल्ड्रन हे अनेकवचनाचे अनेकवचन! वाटाण्याचे याच्या उलट झाले. ‘पीज’ हे चांगले एकवचन होते. पण शेवटी ‘स’सारखे काहीतरी ऐकू आले, म्हणून सतराव्या शतकात लोकांनी त्यातून ‘पी’ हा एकटा वाटाणा सोलून काढला. कुणी त्यांच्या वहीवर फुली मारली नाही. साहेबाच्या पूर्वजांचा गैरसमज झाला, त्याचे व्याकरण झाले. आमच्या पोराने तर साहेबाचाच नियम इमानाने पाळला होता. त्याचे मार्क गेले.

म्हणून परवा एसटीत कंडक्टरने ‘‘मागे एक लेडीज उभ्या आहेत, जरा जागा द्या’’ असा पुकारा केला, तेव्हा एक इंग्रजी माध्यमवाले गृहस्थ फिसकन हसले. मला मात्र त्यात काहीच वावगे दिसले नाही. वाटाण्याच्या बाबतीत इंग्रजाने जे केले, तेच कंडक्टरने उलट्या बाजूने केले. शिवाय ‘उभ्या आहेत’ म्हणून एकाच बाईला आदराचे अनेकवचनही दिले, जे त्या हसणाऱ्या गृहस्थांच्या इंग्रजीत मिळायचे नाही. बाईंना जागा मिळाली. भाषेकडून आणखी काय हवे?