उजनी जलाशयाकाठची गावे आणि दृक्-श्राव्य शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

शिक्षणातील दृक्-श्राव्य साधनांचा इतिहास सामान्यतः दिल्ली, अहमदाबाद वा पुणे येथील संस्थांच्या स्थापनावर्षांच्या आधारे सांगितला जातो. कोणता उपग्रह केव्हा अवकाशात गेला, कोणती वाहिनी केव्हा सुरू झाली, कोणत्या योजनेखाली किती संच वाटण्याचे ठरले, अशी जंत्री त्यातून हाती लागते. ज्या गावांसाठी ही यंत्रणा उभारण्यात आली, त्या गावांच्या बाजूने तिच्याकडे पाहिले असता चित्र बरेच वेगळे दिसते. प्रस्तुत लेखात भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्याकाठची गावे हा पाहणीचा बिंदू मानला आहे.

माढा तालुक्यातील उजनी येथील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. 'यशवंतसागर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलाशयाची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते. फुगवटा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा, पुणे जिल्ह्यातील इंदापूर आणि अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांना स्पर्श करतो. नदीकाठची सुपीक जमीन व गावठाणे पाण्याखाली गेली, जुना लोहमार्ग हलवावा लागला आणि एकेका गावाच्या अनेक वसाहती झाल्या. केत्तूर, वांगी यांसारख्या गावांच्या नावांपुढे आज दिसणारे क्रमांक ही त्या विभाजनाची खूण होय. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा आहे, म्हणजे धरणाचे काम बरेच पुढे गेल्यानंतरचा. शाळेची इमारत, पाण्याची सोय, रस्ता व वीज यांची जुळवाजुळव नव्या जागी नव्याने करावी लागत असतानाच देशात शैक्षणिक दूरचित्रवाणीचे युग सुरू होत होते. हा कालयोग लक्षात घेतल्याशिवाय पुढील घडामोडींचा अर्थ लागत नाही.

उपग्रहापूर्वीची साधने

चित्र आणि निवेदन यांच्या साहाय्याने समूहाला शिकविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या 'शांबरिक खरोलिके'त काचेवर रंगविलेली चित्रे दिव्यांच्या साहाय्याने पडद्यावर पाडून पौराणिक कथा दाखविल्या जात. हे मनोरंजन होते, औपचारिक शिक्षण नव्हे. तथापि त्यातील एक गोष्ट अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तेथे चित्र कधी एकटे नसे. शेजारी निवेदक असे, गायन-वादन असे आणि समोरच्या समुदायाचा कल पाहून कथन पुढे नेता येत असे.

हाच धागा १९५६ च्या आकाशवाणीच्या प्रयोगात अधिक शास्त्रशुद्ध स्वरूपात दिसतो. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने मराठीभाषक जिल्ह्यांतील १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, असे एकूण २० कार्यक्रम त्यांच्यासाठी प्रसारित झाले. मंडळातील सुमारे वीस गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले व त्याचे निष्कर्ष अनुकूल आले. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. विस्तार होताच तिचा कस उतरला, असा पुढील अभ्यासकांचा सर्वसाधारण अभिप्राय आहे. संच पोहोचले, मंडळे कागदावर झाली. मात्र प्रश्न परत पाठविण्याची आणि त्याला उत्तर मिळण्याची वाट क्षीण झाली. पुढील पन्नास वर्षांत हीच उणीव निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा समोर येते.

सीमेवर थांबलेला उपग्रह

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' या नावाने परिचित असलेला उपग्रह-शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग पार पडला. अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत थेट कार्यक्रम पोहोचविण्यात आले. सकाळी शाळकरी मुलांसाठी, सायंकाळी प्रौढांसाठी अशी त्यांची विभागणी होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीपासून बनविलेल्या थाळीसारख्या अँटेना गावोगाव उभ्या राहिल्या. याच वर्षात दूरचित्रवाणी, आकाशवाणी आणि छापील साहित्य यांच्या एकत्रित योजनेतून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण देण्यात आले. हा भाग आजही पुरेसा अभ्यासला गेलेला नाही.

या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातील निवडलेल्या जिल्ह्यांत मात्र विजापूर व गुलबर्गा होते आणि दोन्ही सोलापूर जिल्ह्याला लागून आहेत. हवामान, पिके, दुष्काळ व ग्रामीण जीवन यांत सीमेच्या दोन बाजूंना फारसा फरक नसताना उपग्रहाची चित्रे अक्कलकोटच्या पलीकडे दिसत होती, अलीकडे नाही. त्याच वेळी करमाळा तालुक्यातील भीमाकाठची गावे घरांची दारे-चौकटी उतरवून नव्या वसाहतींकडे निघाली होती. एकाच दशकात, एकाच खोऱ्यात, विकासाची ही दोन रूपे परस्परांना न भेटता वावरत होती.

बालचित्रवाणी आणि देशव्यापी वर्ग

'इन्सॅट-१बी' १९८३ मध्ये कार्यान्वित झाल्यावर महाराष्ट्राचा समावेश शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या राज्यांत झाला. १९८४ मध्ये पुणे येथे राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली. 'बालचित्रवाणी' या नावाने तिचे कार्यक्रम मराठी घरांत परिचित झाले. बाहुल्या, गाणी, प्रयोग, गोष्टी यांची चांगली सांगड त्यांत होती आणि भाषा मुलांची होती. मराठी माध्यमातील दृक्-श्राव्य शिक्षणाचा पाया या संस्थेने घातला, हे तिच्या पुढील दुरवस्थेकडे पाहून विसरता कामा नये. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली.

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'देशव्यापी वर्ग' १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर सुरू झाला. पुणे विद्यापीठातील शैक्षणिक माध्यम केंद्र त्याच्या निर्मितीकेंद्रांपैकी एक होते. महानगराबाहेरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यापर्यंत उत्तम अध्यापन पोहोचविणे हा त्याचा घोषित हेतू; प्रसारणाची भाषा मात्र प्रामुख्याने इंग्रजी. ज्याच्यासाठी कार्यक्रम होता त्याला तो समजण्यासाठी आधी जे शिक्षण लागे, तेच त्याला मिळालेले नव्हते. शिवाय वेळ दुपारची. करमाळ्याच्या किंवा टेंभुर्णीच्या विद्यार्थ्याने त्या वेळी वर्गात असावे, एस.टी. स्थानकावर असावे की संचासमोर असावे, याचा विचार वेळापत्रक आखताना झालेला दिसत नाही.

शाळांच्या बाबतीत १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शैक्षणिक तंत्रविज्ञान योजनेतून प्राथमिक शाळांना रंगीत दूरचित्रवाणी संच व रेडिओ-कॅसेट यंत्रे देण्याचे ठरले. ग्रामीण शाळेतील संचाचे काय होते, हे त्या पिढीतील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. किमती वस्तू म्हणून तो कपाटात कुलूपबंद राहतो, कारण हरवल्यास जबाबदारी मुख्याध्यापकावर येते. साधनाची नोंद जडवस्तू-संग्रह नोंदवहीत होते, त्याच्या वापराची कोठेच होत नाही. प्रशासनाने जे मोजले ते जपले गेले. शिक्षकांच्या अनास्थेला दोष देण्याची प्रथा आहे. पण या व्यवस्थेत संच न वापरणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरत होता, हेही मान्य करावयास हवे.

याला विजेच्या प्रश्नाची जोड मिळाली. उजनी धरणावर १२ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र राज्यातील तीव्र वीजटंचाईमुळे ग्रामीण भागाला दीर्घ भारनियमन सोसावे लागले आणि जलाशयाकाठची गावे त्याला अपवाद नव्हती. शेतीपंपांची वीज कोणत्या पाळीत येणार यावर घराचा दिनक्रम ठरे. अशा स्थितीत ठरावीक मिनिटाला सुरू होणारा आणि पुन्हा न येणारा प्रक्षेपित पाठ हे साधन मुळातच गैरसोयीचे होते. ध्वनिफीत व चित्रफीत यांनी वेळेचे बंधन काही अंशी सैल केले, विजेचे नाही.

मुक्त विद्यापीठ आणि अंतराचा अर्थ

१९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. औपचारिक शालेय शिक्षण न झालेल्या प्रौढासही पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या मार्गाने पदवीपर्यंत जाता यावे, ही सोय विस्थापनामुळे शाळा सुटलेल्यांच्या दृष्टीने मोलाची होती. विद्यापीठाचा भर मराठी स्वयं-अध्ययन पुस्तिकांवर राहिला. दृक्-श्राव्य फिती व आकाशवाणीवरील पाठ त्यांना पूरक म्हणून होते आणि अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्र हा त्यांना जोडणारा दुवा होता. छापील पुस्तिकेला वीज लागत नाही, या साध्या कारणामुळेही हा क्रम व्यवहार्य ठरला.

दूरशिक्षणातील 'दूर' हा शब्द या प्रदेशात अक्षरशः घ्यावा लागतो. कुगाव (ता. करमाळा) आणि कळाशी (ता. इंदापूर) ही गावे समोरासमोर असूनही मध्ये भीमेचे पात्र समुद्रासारखे पसरले आहे. रस्त्याने वळसा मोठा, म्हणून लोक होडीने ये-जा करतात. २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात याच मार्गावर होडी उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. पैलतीरी असलेल्या कोणत्याही शाळेचे, महाविद्यालयाचे वा अभ्यासकेंद्राचे अंतर किलोमीटरमध्ये सांगणे येथे पुरेसे नसते. मुलींच्या शिक्षणाबाबत तर पालकांचा निर्णय अनेकदा या अंतरावरच ठरतो.

परितेवाडीचा प्रयोग

धरण ज्या माढा तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकातील पाठांना व कवितांना क्यूआर कोड जोडले. मोबाइलने तो कोड टिपला की त्या पाठाची ध्वनिफीत वा चित्रफीत सुरू होई. २०१७ मध्ये राज्य शासनाने हा प्रकार राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारण्याचे जाहीर केले आणि पुढे राष्ट्रीय स्तरावरील पाठ्यपुस्तकांतही तो आला. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार घोषित झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पुरस्काराच्या बातम्यांत या घटनेचे ऐतिहासिक वेगळेपण झाकोळून गेले. १९५६ पासून २००० पर्यंतच्या प्रत्येक योजनेत साधन शिक्षकाच्या हाती वरून आले होते. विषय, भाषा, वेळ आणि गती ही प्रसारण केंद्र ठरवीत असे. येथे पाठ्यपुस्तकाचे ठरावीक पान हाच प्रसारणाचा पत्ता झाला. पाठ हवा तेव्हा थांबविता आला, पुन्हा ऐकता आला. वीज गेली तरी मोबाइलमधील भारावर तो चालला. यंत्रही शाळेच्या कपाटातील नव्हते, घरातल्या माणसाच्या खिशातले होते. अर्थात फोन ज्याच्या खिशात, त्याच्याबरोबर तो दिवसभर शेतावर जातो. मुलाच्या वाट्याला तो दिवेलागणीनंतर येतो.

२०२० मधील टाळेबंदीने ही मर्यादा उघडी केली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पाठ्यपुस्तकांवर आधारित मालिका सुरू झाली, म्हणजे बालचित्रवाणी बंद केल्यानंतर तीनच वर्षांनी शासनाला पुन्हा दूरचित्रवाणीकडे वळावे लागले. सोलापूर शहरातील नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच अक्षरे, आकृत्या व सूत्रे रंगविली. ज्या जिल्ह्याने क्यूआर कोडचा मान मिळविला, त्याच जिल्ह्यात त्याच वर्षी चुन्याची भिंत हे दृश्य साधन म्हणून उपयोगी पडले. तिथे शिक्षक उभा राहू शकत होता आणि मूल प्रश्न विचारू शकत होते.

अनोंदलेले दृश्य

आजवरचा सारा विचार गावात बाहेरून काय आले याचा आहे. गावातून बाहेर काय गेले, हा प्रश्न इतिहासाच्या अध्यापकांनी अधिक विचारावयास हवा. पाणीसाठा मृतपातळीच्या बराच खाली जातो त्या वर्षी इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पुरातन पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर येते. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते उघडे पडले. पर्यटक येतात, आकाशातून चित्रणे होतात, ती काही दिवस मोबाइलवर फिरतात. त्या चित्रणांत शिखर दिसते, नक्षी दिसते. मंदिराभोवतीचा बाजार, वेस, घाट, नदीच्या वाळूत पिकणाऱ्या कलिंगडाच्या वाड्या यांविषयी बोलणारा आवाज त्यांत नसतो. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या सोलापूर गॅझेटियरमध्ये आणि १९७७ च्या सुधारित गॅझेटियरमध्ये जिल्ह्याच्या गावांची माहिती मिळते. तहसील कचेरीत संपादनाचे कागद आहेत. त्यांतून क्षेत्र, आकार व मोबदला कळतो.

या कागदांच्या जोडीला ध्वनिमुद्रित मुलाखती उभ्या राहिल्यास प्रादेशिक इतिहासाचा एक संपूर्ण विभाग पदवी वर्गात शिकविता येईल. त्यासाठी लागणारे यंत्र आता प्रत्येक विद्यार्थ्यापाशी आहे. करमाळा, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या परिसरातील महाविद्यालयांना पदवीच्या क्षेत्रकार्यात हे काम घेता येण्यासारखे आहे : एका विद्यार्थ्याने एका घराचे स्थलांतर नोंदवावे, गावाच्या जुन्या नकाशावर सांगणाऱ्याकडून घर, विहीर, शाळा दाखवून घ्यावी आणि ती फीत ग्रंथालयात तारखेसह जमा करावी. ज्यांनी ते स्थलांतर जाणत्या वयात अनुभवले, ते स्त्री-पुरुष आज सत्तरीच्या आसपास व त्यापुढे आहेत.