श्रम आणि व्यायाम : दुखऱ्या खुब्याचा इतिहास



काही वर्षांपूर्वी हिंगणघाटकडचा एक जिनिंगमधला हमाल आमच्याकडे आला. वय चाळिशीच्या आत, पण डाव्या पायाने लंगडत होता. डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की खुब्याचे हाड झिजत चालले आहे, तेव्हा ओझे बंद कर आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास व्यायाम कर. हे ऐकून मुकादम हसला आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. दिवसभर कापसाचे बोरे वाहणाऱ्या माणसाला व्यायाम कसला सांगता, असे आम्ही चारचौघांत बोललो. त्या हसण्याची आज आम्हांस लाज वाटते. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते वाचनालयात आणि दवाखान्याच्या बाकावर माणसे सोबत नेऊन बसताना झाले. तेथे जे समजले, ते आज आपणांपुढे मांडीत आहोत.

प्रथम खुबा म्हणजे काय ते पाहू. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील स्निग्ध द्रव हालचालीने दाबला जातो व सुटतो, त्यातूनच तिचे पोषण होते. पाऊल टाकताना क्षणभर सारे अंग एका पायावर तोललेले असते. त्या वेळी कमरेचे स्नायू बाजूने ओढ घेतात, म्हणून खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. पन्नास किलोच्या माणसाच्या खुब्यावर सव्वाशे ते दीडशे किलो! हे गणित जर्मन डॉक्टर पॉवेल्स यांनी १९३५ च्या सुमारास मांडले. डोक्यावर बोरा चढला की या भाराचे काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको.

हा सांधा दोन तऱ्हांनी बिघडतो. एक, वयाने व भाराने कूर्चा झिजते. दुसरी तऱ्हा अधिक क्रूर आहे. चेंडूला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात, आतले हाड मरते आणि पुढे चेंडू चेपतो. दारू, स्टेरॉइडची औषधे, जुनी दुखापत ही त्याची कारणे आहेतच. पण आपल्या विदर्भात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सिकलसेल. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन वाहिन्यांत अडकतात. शिकागोच्या हेरिक यांनी या पेशींचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. मध्य भारतातील हा दोष शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी नियतकालिकात नोंदविला. आमच्याकडील दलित आणि आदिवासी वस्त्यांतून हा आजार विशेष आढळतो, म्हणजे ज्यांची रोजी अंगमेहनतीवर, त्यांच्याच खुब्यावर हा घाला येतो. विशी-पंचविशीतील मुले-मुली लंगडताना दिसतात, त्यांतील कित्येकांचे मूळ येथे असते.

आता उपचाराचा इतिहास. १८७५ साली लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी खुबा, गुडघा व घोट्याच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यांचा मंत्र एकच : विश्रांती, आणि तीही सक्तीची, अखंड आणि दीर्घ. त्या काळी खुब्याचे पुष्कळ रोग क्षयाचे असत आणि क्षयावर औषध नव्हते, म्हणून हा सल्ला गैर नव्हता. पण तो कोणास परवडणार? त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टीदेखील नव्हती. ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मिळविली.

दुसरा प्रवाह हालचालीचा. स्टॉकहोमला लिंग यांनी १८१३ साली व्यायामाची संस्था काढली आणि व्यायाम हा उपचारही होऊ शकतो, हा विचार युरोपभर पसरला. १८९५ साली ट्रेंडेलेनबुर्ग यांनी दाखविले की लंगडण्याचे एक मोठे कारण कमरेच्या बाजूच्या स्नायूंची दुर्बलता हे आहे. एका पायावर उभे राहिले की दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते. हे स्नायू बळकट केले तर चाल सुधारते. आपल्या देशात १९५० नंतरच्या वर्षांत पोलिओच्या निमित्ताने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येचे शिक्षण सुरू झाले. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय उभे केले आणि पुढे सावंगीला भौतिकोपचाराचे महाविद्यालयही निघाले.

व्यायाम विदर्भास नवा नव्हे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. पण तालमीतला व्यायाम सशक्ताला अधिक सशक्त करण्यासाठी आहे. दुखऱ्या खुब्याला जोर-बैठका अपायकारक होतात. त्याचा व्यायाम साधा असतो : कुशीवर निजून वरचा पाय हळू उचलणे, उताणे निजून गुडघे वाकवून कंबर उचलणे, मांडीचा स्नायू आवळून सोडणे. सांध्यावर भार न घालता स्नायूंना काम देणे, हे त्याचे तत्त्व. काठीचेही तसेच. आमचा हमाल डावा खुबा दुखतो म्हणून काठी डाव्या हातात धरीत असे. ती उजव्या हातात हवी, म्हणजे दुखऱ्या खुब्यावरचा भार पुष्कळ हलका होतो.

याचा उपयोग होतो काय? अमेरिकेत सिकलसेलच्या रोग्यांवर एक तुलना झाली, तिचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. काही रोग्यांच्या हाडास छिद्र पाडून आतला दाब कमी केला व व्यायामही दिला. काहींना नुसता व्यायाम दिला. सरासरी तीन वर्षांनी पहिल्या गटात ८२ टक्के आणि दुसऱ्यात ८६ टक्के खुबे टिकून होते. रोगी अवघे ३८ होते, काळही थोडा होता. तेव्हा व्यायामाने मेलेले हाड जिवंत होते असे कोणी समजू नये. चेंडू चेपला की कृत्रिम सांध्याचाच मार्ग उरतो. तो मार्ग इंग्लंडात चार्नली यांनी १९६२ साली रुळविला. पण तो सांधाही झिजतो, म्हणून तरुण रोग्याची शस्त्रक्रिया काही वर्षे लांबली तरी तो लाभच होय. शिवाय शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम चुकत नाहीच.

आता आमच्या हसण्यातील चूक सांगतो. व्यायामात हालचाल किती, केव्हा थांबावयाचे, हे रोग्याच्या दुखण्यावरून ठरते. श्रमात ते ट्रकच्या वेळेवरून आणि मुकादमाच्या हाकेवरून ठरते. दोहोंत घाम सारखाच येतो, पण एक सांधा राखतो आणि दुसरा तो खातो. म्हणून कष्टकऱ्याला व्यायाम नको, हे म्हणणे खोटे आहे. त्यालाच तो सर्वांत अधिक हवा, आणि त्याच्यापाशीच त्यासाठी वेळ नाही.

वेळेचा हा प्रश्न कायद्याचाही आहे. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने गिरणीकामगाराला आजारपणाचा भत्ता मिळाला. पण त्याच कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि त्यांच्या व्याख्येत पहिलेच नाव कापसाच्या जिनिंगचे! हिंगणघाट-पुलगावच्या गिरणीतील कामगार आत आला आणि त्याच गिरणीस रुई पुरविणारा जिनिंगचा मजूर दाराबाहेर राहिला. कापूस वेचणारी बाई तर कोणत्याच व्याख्येत नव्हती. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले, हे चांगले झाले. पण यादीत नाव आले म्हणून सकाळचा अर्धा तास मोकळा होत नाही.

त्या हमालासाठी आम्ही मग मालकाकडे गेलो. बसून करावयाचे वजनकाट्याचे काम आणि पाळीआधी अर्धा तास, एवढेच मागितले. त्या हंगामापुरते ते मिळाले. तो व्यायाम करी, काठी योग्य हातात धरी आणि दुखणे कमी झाल्याचे सांगे. पुढच्या हंगामात त्याचे नाव यादीत नव्हते.

आपणांपैकी कोणी दुकानदार आहेत, कोणी शिक्षक, कोणी कारखानदार. आपल्या हाताखाली कोणी लंगडत काम करीत असेल, तर त्याला दवाखान्यात पाठवा, आणि परत आल्यावर त्याचा अर्धा तास त्याला द्या. एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.