चित्राविना भाव, भावाविना चित्र

28 ऑक्टोबर 1858 रोजी न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवर, चौदाव्या रस्त्याजवळ, रोलंड हसी मेसी यांनी एक लहानसे दुकान उघडले. माल म्हणजे लेस, रिबिनी, भरतकामाच्या पट्ट्या, मोजे, हातमोजे, कृत्रिम फुले आणि टोप्यांवर लावायची पिसे. अमेरिकेत ज्याला ड्राय गुड्स स्टोअर म्हणत, त्याचा हा नाजूक-साजूक प्रकार. पहिल्या दिवशी गल्ल्यात अकरा डॉलर आणि वर काही सेंट जमले. थंडी तोंडावर आली होती, दुकान नवे होते आणि जागा गिऱ्हाइकाच्या रोजच्या वाटेवरची नव्हती. कापडाचा खरा बाजार तेव्हा बराच दक्षिणेला, ब्रॉडवेच्या खालच्या भागात भरे. तिथे 1846 पासून अलेक्झांडर स्ट्युअर्ट यांच्या कापडदुकानाचा संगमरवरी महाल उभा होता.

मेसी तेव्हा छत्तिशीचे होते आणि मागे अपयशांची रांग होती. मूळचे नँटकेट बेटावरचे. पोरवयात देवमासे पकडणाऱ्या जहाजावर गेले, परत आल्यावर बोस्टनमध्ये दुकाने काढली आणि बंद केली, सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियात मेरिसव्हिलला जाऊन आले. मग मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिल गावात 1851 पासून दुकान चालवले आणि 1855 मध्ये त्याचेही दिवाळे निघाले. हे सगळे आज सांगता येते, कारण हिशेबवह्यांचा आणि वर्तमानपत्रांच्या फायलींचा बराच भाग शिल्लक राहिला. हार्वर्डचे राल्फ हॉवर यांनी 1943 मध्ये याच कागदांवरून या पेढीचा इतिहास लिहिला.

त्या काळातल्या थंडीच्या कपड्यांच्या जाहिराती वाचताना इतिहासकाराला पहिला प्रश्न पडतो तो असा: छापलेला भाव कितपत खरा मानायचा? घासाघिशीच्या दुकानात छापील आकडा हा बोलणी सुरू करण्याचा मुद्दा असतो. गिऱ्हाईक शेवटी काय देऊन गेले ते त्यावरून कळत नाही. मेसींच्या दुकानाची गोष्ट वेगळी होती. हेव्हरिलमध्ये असल्यापासूनच त्यांच्या जाहिराती एकच भाव आणि रोख व्यवहार यांची ग्वाही देत. माल रोखीने घ्यायचा, रोखीने विकायचा आणि सगळ्यांना एकाच भावाने द्यायचा. म्हणून त्यांच्या जाहिरातीतला आकडा गल्ल्यात पडलेल्या रकमेच्या अगदी जवळ जातो. माझ्या मते या जाहिरातींचे साधन म्हणून खरे मोल इथे आहे. कीर्द-खतावणीत रकमांच्या बेरजा सापडतात, पण हातमोज्यांची एक जोडी कितीला गेली हे जाहिरातच सांगते.

हा भाव छापायचा कसा, ही अडचण वेगळीच होती. न्यूयॉर्क हेरल्डचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट जाहिरातीत चित्र किंवा मोठा ठसा चालू देत नसत. मोठा व्यापारी असो की मोलकरणीची जागा शोधणारी बाई, सगळ्यांना अ‍ॅगेट नावाचा एकच बारीक ठसा मिळे. एका इंचात त्याच्या चौदा ओळी बसत. रॉबर्ट बॉनर यांनी यातून वाट काढली. आपल्या साप्ताहिकाची एकच ओळ ते स्तंभभर पुन्हा पुन्हा छापून घेत. एवढ्या वेळा तीच ओळ आली की वाचणाऱ्याला ती टाळता येत नसे. मेसींनी हीच युक्ती कापडाला लावली. दोन-चार शब्द, मग कोरी जागा, पुन्हा तेच शब्द जरा सरकवून. ठसा तोच, पण ओळींच्या मांडणीतून आकार तयार होई आणि राखाडी पानात पांढरा तुकडा लांबूनही दिसे. कोऱ्या जागेचेही पैसे पडत, हे लक्षात घेतले म्हणजे नव्या दुकानदाराने यात किती पैसा घातला ते उमगते. या मजकुरात चित्र कधीच नसे. असे ते जिन्नस आणि त्यापुढे सेंटांपर्यंत मोजलेला, मुद्दाम पूर्ण आकड्यापेक्षा किंचित कमी ठेवलेला भाव.

स्वस्ताईच्या या घोषणांना पार्श्वभूमी होती ती 1857 च्या आर्थिक संकटाची. त्या ऑगस्टमध्ये ओहायो लाइफ इन्शुरन्स अँड ट्रस्ट कंपनी बुडाली. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. आयातदार अडचणीत आले, माल लिलावात निघाला आणि हाती रोकड असलेल्याला कापड पडत्या भावाने मिळू लागले. वर्षभराने मेसींनी दुकान थाटले तेव्हा ‘स्वस्त’ या शब्दाला अर्थ होता, कारण मालही स्वस्तात उचलता येत होता आणि गिऱ्हाईकही पैसा जपून काढत होते.

आता दुसरा कागद. फिलाडेल्फियाहून निघणारे गोडीज लेडीज बुक या मासिकाच्या 1860 च्या सुमारास दीड लाख प्रती खपत होत्या. त्यात दर महिन्याला एका झग्याचे किंवा क्लोकचे, म्हणजे वरून पांघरायच्या सैल वस्त्राचे, चित्र येई. चित्राखाली ठरलेला मजकूर असे: हा नमुना न्यूयॉर्कच्या 51, कॅनल स्ट्रीट इथल्या जी. ब्रॉडी यांच्या दुकानातला आहे आणि एल. टी. व्हॉइट यांनी तो प्रत्यक्ष वस्त्र समोर ठेवून काढला आहे. क्लोकला बहुधा स्पॅनिश वळणाचे नाव दिलेले असे. खाली चार ओळींत कापडाची जात, चुण्या कुठे धरल्या आहेत, गोंडे आणि पट्ट्या कुठे लावल्या आहेत हे सांगितलेले असे. प्रत्यक्ष वस्त्रावरून काढल्याचा तो उल्लेख संशोधकाला फार उपयोगी पडतो. पॅरिसच्या मासिकांतून नकललेल्या चित्रांपेक्षा हे चित्र वेगळे आहे, कारण असा क्लोक कॅनल स्ट्रीटवर खरोखर टांगलेला होता आणि त्याला हात लावून पाहता येत होता.

पण चित्राखाली भाव नसे. गावोगावच्या वाचक बायकांसाठी मासिकाने खरेदीची सोय केली होती. फॅशन विभागाच्या संपादिका थोड्या टक्केवारीवर बॉनेट, कपड्याचे कापड, दागिने, मुलांचे कपडे खरेदी करून पाठवत. अटी स्पष्ट होत्या. पैसे आधी आले पाहिजेत, नाहीतर मागणीकडे लक्ष दिले जाणार नाही. आणि पत्रात उंची, वर्ण आणि एकंदर अंगलट लिहावी, कारण निवड बरीचशी त्यावरच ठरते. ही अट वाचताना शेकडो मैलांवर बसलेली एक बाई डोळ्यांसमोर येते. परक्या शहरातल्या अनोळखी संपादिकेला ती आपला रंग कळवते आहे आणि सोबत डिसेंबरातल्या थंडीसाठी साठवलेले पैसे पाठवते आहे.

एका कागदावर चित्र आहे, पण भाव नाही. दुसऱ्यावर भाव आहे, पण चित्र नाही. 1860 च्या आसपासची थंडीतली फॅशन आणि तिचा बाजार पुन्हा उभा करायचा तर हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवावे लागतात. त्या काळच्या शहरी बाईनेही मनात नेमके हेच केले असणार. मासिकात क्लोक पाहायचा, वर्तमानपत्रात रिबिनीचा, हातमोज्याचा, पट्टीचा भाव वाचायचा, आणि जुन्याच क्लोकला नवा साज चढवून थंडी काढायची. मेसींच्या दुकानातला माल या हिशेबात चपखल बसतो. अख्खा क्लोक त्यांच्याकडे नव्हता. पण क्लोक नवा दिसावा म्हणून जे जे लागे ते होते. पहिल्या वर्षाची विक्री 85 हजार डॉलरांच्या घरात गेली त्यामागे मला हे कारण दिसते.

अमेरिकेतले यादवी युद्ध सुरू झाल्यावर याच जाहिराती वाचायला जास्त सावधपणा लागतो. फेब्रुवारी 1862 मध्ये कायदेशीर चलन ठरलेल्या कागदी डॉलरची किंमत घसरत गेली. जुलै 1864 मध्ये सोन्याच्या शंभर डॉलरसाठी कागदाचे 285 मोजावे लागले. त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला कापसाचा भाव पौंडाला 1 डॉलर 89 सेंटांवर गेला. युद्धाआधी तो दहा-अकरा सेंट होता. म्हणून 1864 च्या थंडीतली ‘स्वस्ताई’ 1858 च्या स्वस्ताईशी थेट ताडता येत नाही. कापसाच्या याच भाववाढीने तो निर्यात करणाऱ्या मुंबईत पैशाचा पूर आणला होता. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपत आले तसे दोन्ही शहरांत भाव कोसळले. मुंबईत 1 जुलै 1865 च्या हिशेबाच्या दिवशी कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्यासह सट्ट्याचा सगळा डोलारा ढासळला. न्यूयॉर्कच्या कापडदुकानांना महागाईत भरलेला माल पडत्या बाजारात काढावा लागला.

स्वस्त कपडा शिवला कोणी, हे जाहिरातीत येत नाही. ते वेगळ्या कागदांत शोधावे लागते. व्हीलर अँड विल्सन या शिवणयंत्राच्या कंपनीने छापलेल्या तक्त्यात पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला 14 तास 26 मिनिटे आणि यंत्रावर 1 तास 16 मिनिटे लागतात असे दिले आहे. आकडे कंपनीच्या सोयीचे आहेत हे धरूनही फरक प्रचंड आहे. वाचलेला वेळ शिवणारीच्या पदरात पडला का? फेब्रुवारी 1865 मध्ये सिनसिनाटीच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी अध्यक्ष लिंकन यांना अर्ज केला. सैन्याच्या करड्या लोकरी शर्टांसाठी सरकार ठेकेदाराला डझनाला 1 डॉलर 75 सेंट देते आणि ठेकेदार आमच्याकडून ते डझनाला 1 डॉलरने करून घेतो, अशी त्यांची तक्रार होती. एका शर्टाला साडेआठ सेंटही धड सुटत नव्हते. न्यूयॉर्कमध्ये 1863 साली वर्किंग विमेन्स प्रोटेक्टिव्ह युनियन स्थापन झाली, ती मालकांनी बुडवलेली मजुरी वसूल करून द्यायला. सैन्याचा शर्ट आणि सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवरची झालर एक नव्हे. पण ठेकेदार आणि शिवणारी यांच्यातला हिशेब दोन्हीकडे सारखाच होता. मला हा अर्ज मेसींच्या कुठल्याही जाहिरातीइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि त्या जाहिरातींशेजारी तो ठेवायलाच हवा.

दुकानाच्या आत मात्र बाईला वर जायला वाट होती. नँटकेटच्या मार्गारेट गेचेल, पूर्वी शिक्षिका, गल्ल्यावर कारकून म्हणून लागल्या आणि दशक संपण्यापूर्वी सगळ्या दुकानाचा कारभार पाहू लागल्या. 1867 च्या नाताळच्या आदल्या रात्री मेसींनी दुकान मध्यरात्रीपर्यंत उघडे ठेवले. त्या एका दिवसाचा गल्ला 6 हजार डॉलर झाला. सगळी रोकड.

त्याच शहरात उधारीचे काय होते, तेही कागदांत आहे. मेरी लिंकन यांच्या शिलाईकाम करणाऱ्या एलिझाबेथ केकली यांनी 1868 मध्ये आठवणी लिहिल्या. अध्यक्षांच्या पत्नीने आपल्यावर सुमारे 27 हजार डॉलर कर्ज असल्याचे 1864 मध्ये सांगितले आणि त्यातला मोठा भाग स्ट्युअर्ट यांच्या दुकानाचा होता, असे त्यात नोंदवले आहे. स्ट्युअर्टही एकाच भावाचे पुरस्कर्ते होते. पण मोठ्या घरच्या गिऱ्हाइकाला त्यांच्याकडे उधारी चाले, आणि लिंकन त्या वर्षीची निवडणूक हरले तर ही बिले लगेच पुढे येतील याची मेरी लिंकन यांना धास्ती होती. स्ट्युअर्ट यांची 1863 सालची करपात्र मिळकत 18 लाख डॉलरांवर होती. तेव्हा कराच्या याद्या वर्तमानपत्रांत छापत, त्यामुळे हा आकडा सगळ्या शहराने वाचला.

1867 च्या शरदात मेरी लिंकन यांनी शाली, लेस आणि पोशाख 609, ब्रॉडवे इथल्या दलालांकडे विक्रीला ठेवले. वर्तमानपत्रांनी वस्तूंच्या याद्या मागितलेल्या किमतींसह छापल्या. पाहणाऱ्यांची गर्दी झाली, लोक कापड हातात घेऊन उलटेपालटे करून पाहत, डाग आणि शिवणी तपासत. विकत घेणारे थोडेच निघाले. पुढच्या वर्षी दलालांनी न विकलेला माल परत पाठवला आणि सोबत 800 डॉलरांहून अधिक खर्चाचा हिशेब लावला. तो मेरी लिंकन यांनी चुकता केला.