मॉरिशसचं तिकीट: नोव्हेंबरच का?

मॉरिशसला डिसेंबरची गर्दी आणि भाडं परवडत नाही, जानेवारी ते मार्च चक्रीवादळांची धास्ती. मग एप्रिल-मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर. माझं मत नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आणि कारण हवामान नाही.

२ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' जहाजातून भारतीय कंत्राटी मजूर पोर्ट लुईला उतरले. तिथे आजही या दिवशी सुट्टी असते. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवेच होते. म्हणजे व्यवस्था बदलली, राबणं तेच राहिलं. पुढे साधारण साडेचार लाख भारतीय तिथे गेले. त्यात आपली मराठी माणसंही होती. म्हणून तर गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी आहे!

आप्रवासी घाटाच्या १६ दगडी पायऱ्या चढूनच बहुतेकांचं नवं आयुष्य सुरू झालं. २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. नोव्हेंबरमध्ये ऊसतोडही चालू असते. तेव्हा बीच आहेच हो, पण आधी अर्धा दिवस घाटाला द्या. मग रस्त्याकडेचा ऊस नुसता ऊस वाटणार नाही.