एक चित्र, अनेक कप्पे

समजा, आपल्या शाळेत पन्नास वर्षांची छायाचित्रे पेट्यांत पडून आहेत आणि त्यांची सूची संगणकावर करायची आहे. लगेच प्रश्न येतो : डेटाबेसची कोणती आज्ञावली घ्यावी? उत्तर शोधण्यापूर्वी एक जुनी हकीकत पाहू. तीत संगणक नव्हता. अडचण मात्र हीच होती.

महामंदीच्या काळात, १९३५ साली, अमेरिकेतील एका सरकारी विभागाने ग्रामीण जीवनाची छायाचित्रे घेण्याचे काम सुरू केले. रॉय स्ट्रायकर त्याचे प्रमुख होते. पुढे या संग्रहात सुमारे १,७५,००० निगेटिव्ह जमल्या. त्यांची व्यवस्था लावण्यासाठी १९४२ मध्ये पॉल व्हँडरबिल्ट यांना बोलावण्यात आले.

डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेले स्थलांतरित मजूर स्त्रीचे चित्र घ्या. ते 'कॅलिफोर्निया'च्या कप्प्यात ठेवायचे, 'मजूर' या कप्प्यात, की 'आई आणि मुले' यात? कागद एकाच कप्प्यात राहतो. शिवाय विषयवार लावणी केली, की एकाच कामगिरीतील चित्रे विखुरतात आणि त्यांची सलग कथा तुटते.

व्हँडरबिल्ट यांनी दोन्ही साधले. प्रत्येक कामगिरीतील चित्रांचा एकत्र गठ्ठा करून त्यांनी तो मायक्रोफिल्मवर उतरवला. मग छापील प्रती प्रदेश व विषय यांनुसार कपाटांत लावल्या. दोन्ही रचनांना जोडणारा दुवा होता निगेटिव्हचा क्रमांक.

असा पेच कोणत्याही मोठ्या माहितीसाठ्यात येतो. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली त्यावर एक मूलगामी कल्पना मांडली. माहिती यंत्रात कोणत्या क्रमाने साठवली आहे, याची विचारणाऱ्याला फिकीर नसावी. ती साध्या तक्त्यांत मांडावी. आपल्या उदाहरणात एका तक्त्यात चित्राचा क्रमांक, तारीख व ठिकाण. दुसऱ्यात क्रमांक व विषय. चित्राला दहा विषय असतील तर दुसऱ्या तक्त्यात दहा ओळी येतील. चित्र मात्र एकच!

म्हणून आज्ञावली निवडताना तीन प्रश्न विचारावेत. एका चित्राला हवे तितके विषय जोडता येतात का? ठिकाणाचे नाव चुकले, तर एकाच जागी दुरुस्ती करून भागते का? सर्व नोंदी साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतात का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आज्ञावल्या बंद पडतात. नोंदी त्यांच्याहून अधिक टिकायला हव्यात.

पण जे लिहूनच ठेवलेले नाही, ते कोणतीही आज्ञावली शोधून देणार नाही. लँग यांनी त्या स्त्रीचे नाव टिपून घेतले नव्हते. चित्र जगभर गाजले. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव लोकांपुढे आले ते १९७८ साली, ४२ वर्षांनी.

आपल्या पेटीतील चेहरे ओळखणारे जुने शिपाईमामा किंवा निवृत्त बाई कदाचित अजून गावात असतील. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने हलकेच क्रमांक घाला आणि वही देऊन मुलांना त्यांच्याकडे पाठवा. आज्ञावली पुढच्या महिन्यात निवडली तरी चालेल.