पाळी आली होती, मग दिवस कसे गेले?



“ताई, पाळी तर आली होती. मग दिवस कसे गेले?” विहारातली महिलांची बैठक संपल्यावर एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं. चौथा महिना लागला होता. मधे दोनदा अंगावरून गेलं होतं, थोडंसंच, पण तारखेच्या आसपास. म्हणून तिने तपासणी केली नाही. घरचे म्हणत होते, शिकलेली असून एवढं कळू नये?

कुठून कळणार? पाळीबद्दल आपल्याकडे दोन हजार वर्षं बोललं गेलं ते विटाळाच्या भाषेत.

मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढून बघा. पाळीपासून सोळा रात्री म्हणजे ऋतुकाल. पहिल्या चार रात्री वर्ज्य, अकरावी आणि तेरावीही वर्ज्य. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी. आज कोणी म्हणेल, बघा, शास्त्र होतंच की! महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस सांगितल्यावर त्यात गर्भधारणेचे दिवस सापडणारच. आणि मुलगा की मुलगी हे पुरुषबीजातल्या गुणसूत्रावर ठरतं, हे नेटी स्टीव्हन्स या बाईच्या किड्यांवरच्या संशोधनातून १९०५ मध्ये पुढे आलं. तरी मुलगी झाली म्हणून मार बाईच खाते.

युरोपचे डॉक्टरही फार पुढे नव्हते, हे मान्य करायला हवं. १८४३ मध्ये बिशॉफने दाखवलं की कुत्रीचं बीज माजाच्या वेळी सुटतं. माजावर कुत्रीला रक्त जातं, मग बाईचंही पाळीतच सुटत असणार, असा तर्क झाला. त्यामुळे महिन्याचा मधला काळ ‘सुरक्षित’ म्हणून सांगितला गेला. म्हणजे नेमका उलटा सल्ला! जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे मांडलं की बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं. त्याच सुमारास, १९२७-२८ मध्ये, बर्लिनच्या आशहाइम आणि झोंडेक या ज्यू डॉक्टरांनी गर्भ ओळखण्याची पहिली विश्वासार्ह चाचणी काढली. बाईची लघवी लहान उंदरिणींना टोचायची आणि चार-पाच दिवसांनी त्यांची अंडाशयं तपासायची. पुढे हिटलरच्या राजवटीत दोघांनाही जर्मनी सोडावा लागला. पण बाईला रक्त गेलं की नाही यावर आता निदान अवलंबून राहिलं नाही.

१९२७ हे साल आपण विसरत नाही. डिसेंबरात महाडला मनुस्मृती जळाली. त्याच वर्षी जुलैत र. धों. कर्वेंचं ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झालं होतं. वाचक त्यात लैंगिक प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कर्वेंची बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब. खटला हरला, कर्वेंना दंड झाला. पण लैंगिक प्रश्न विचारणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका बाबासाहेबांनी कोर्टात घेतली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. ते भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. प्रसूतीच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलं कोणी होऊ दिली नसती, असा त्यातला मुद्दा. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. आपल्या जयंतीच्या किती भाषणांत हा ठराव येतो?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. गर्भ राहिल्यावर खरी पाळी येत नाही, कारण पाळीत गर्भाशयाचं जे अस्तर गळून पडतं त्यातच गर्भ रुजलेला असतो. पण रक्त जाऊ शकतं. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एका गरोदर बाईला कमी-जास्त रक्त जातं. त्यातल्या बऱ्याच जणींचं गरोदरपण पुढे नीट पार पडतं. कधी ती गर्भपाताची सुरुवात असते, तर कधी गर्भ नळीत अडकलेला असतो. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, खांदा दुखला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, कारण नळी फुटली तर जीव जातो. उलटही होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी सुरू होण्याआधीच दिवस जाऊ शकतात, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते.

म्हणून नेहमीपेक्षा कमी किंवा वेगळं रक्त गेलं, तर लघवीची चाचणी करायची. संबंधानंतर तीन आठवड्यांनी केली तर उत्तर भरवशाचं येतं. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट असतं, ते मागून घ्या. लग्न झालंय का, हे विचारलं तर उत्तर द्यायची गरज नाही.

उशिराची किंमत कायद्यातही आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांच्या मताने, २४ आठवड्यांपर्यंत. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहितांनाही धरलं.

त्या मुलीचे सोळा आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीवर पहिला प्रश्न आला, “नवरा कुठंय?”