आवृत्तिक्रमांक व मागील सुसंगती

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची आवृत्ती बहुधा तीन आकड्यांनी सांगतात. २.४.१ मधला १ म्हणजे दुरुस्ती, ४ म्हणजे जुन्याला धक्का न लावता घातलेली भर; २ चा ३ झाला, की जुने काही मोडणार असे समजावे. हा संकेत सगळेच पाळत नाहीत. लिनक्सच्या गाभ्याचा पहिला आकडा तर निव्वळ सोयीने वाढतो.

नव्या आवृत्तीत जुने टिकेल का, हा प्रश्न मराठीला भिडला तो ‘ॲ’मुळे. हे अक्षर २००८ साली युनिकोड या अक्षरसंकेताच्या ५.१ आवृत्तीत आले. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून ‘अॅसिड’ लिहीत. दिलेला संकेतांक युनिकोड काढून घेत नाही, म्हणून जुना मजकूर शाबूत राहिला. पण दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी, संगणकाला वेगळी. ‘ॲसिड’ शोधले तर जुने ‘अॅसिड’ सापडेलच असे नाही. जुन्या टंकांत नव्या अक्षराजागी नुसता चौकोन उमटे.